दोनशे चौदा आणि नऊ : अर्जात कुठला पेपर पुढे करू?

डाळिंबवाली

नमस्कार मंडळी. मी रेण्वीय जीवशास्त्रात काम करते, विषय वनस्पतींचे जिवाणूजन्य रोग. वय ४१. दोन कंत्राटी पदं, एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) आणि मधली तीन वर्षं मुलीच्या आजारपणात घरी, असा आजवरचा प्रवास. आता एका विद्यापीठात कायमची जागा निघाली आहे आणि सोमवारपर्यंत अर्ज भरायचा आहे. अर्जात चार रकाने आहेत : एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन (इतर लेखांत आलेले आपल्या पेपरांचे उल्लेख), एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला आकडा), एकूण इम्पॅक्ट फॅक्टर (ज्या जर्नलांत पेपर आले त्यांचं माप). त्याखाली एक मोठा चौकोन : 'आपले सर्वांत महत्त्वाचे संशोधन, १५० शब्दांत.' त्या चौकोनापाशी मी चार दिवस अडकून बसले आहे.

आधी आकडे सांगते. पेपर १२. त्यांची सायटेशन उतरत्या क्रमानं २१४, ६१, ३८, २२, १७, १४, ११, ९, ९, ५, २, ०. बेरीज ४०२. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन एकट्या पहिल्या पेपरचं.

तो पेपर कसा झाला ते ऐका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला डाळिंबाच्या पानांतून आणि फळाच्या सालीतून आरएनए (पेशीतली जनुकांची नक्कल) काढायचा होता. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) इतकं, की नेहमीच्या पद्धतीनं नळीच्या तळाशी पांढरा साका येण्याऐवजी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गोळा यायचा. टॅनिनसारखे पॉलिफेनॉल हवा लागली की बदलतात आणि आरएनएला घट्ट चिकटतात, वर शर्करांचा चिकट लगदा असतोच. मी सीटॅबच्या (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) द्रावणात मीठ वाढवलं, पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवलं, रंग धरू न देणारं मर्कॅप्टोइथेनॉल दुप्पट केलं, शेवटी आरएनए खाली बसवायला लिथियम क्लोराइड घालून रात्रभर थंडीत ठेवलं. सहा आठवड्यांनी जेलवर दोन स्वच्छ पट्टे दिसले, तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच होते आणि रडले होते. गाईड म्हणाले, एवढं केलंयस तर चार पानं लिहून टाक. मी लिहिली. तेच हे २१४.

आता दुसरा पेपर, नऊ सायटेशनवाला. डाळिंबावरचा तेल्या तुम्ही ऐकला असेल. झँथोमोनास जातीचा जिवाणू आहे, पानावर तेलकट ठिपके पडतात, मग फळावर, आणि फळ तडकतं. सांगोल्याकडे माझ्या मामाची भगवा वाणाच्या डाळिंबाची बाग होती, साडेतीन एकर. ती उपटली तेव्हा मी बारावीत होते. हा जिवाणू झाडाच्या पेशीत स्वतःची काही प्रथिनं टोचतो आणि झाडाचा पहारा झोपवतो. त्यातल्या एका प्रथिनाचं जनुक मी जिवाणूतून काढून टाकलं. तो लंगडा झालेला जिवाणू पानात सोडला, की पेशी आपल्या भिंतीशी कॅलोज नावाच्या चिवट शर्करेचे थर रचून त्याला अडवू शकतात, हे दाखवलं. ऐकायला दोन वाक्यं, पण चार वर्षं गेली. पहिली दोन वर्षं तर जनुक निघतच नव्हतं. २०२१ साली पेपर आला. आयुष्यात मी काय केलं असं कुणी विचारलं, तर मी तोच दाखवेन.

तर प्रश्न असा : चौकोनात काय लिहू? नऊवाला लिहिला तर समितीला वाटेल, जगानं ज्याची दखल घेतली नाही ते हिला महत्त्वाचं वाटतं. दोनशे चौदावाला लिहिला, तर मला ते खोटं वाटतं.

आणखी एक अडचण. पहिले सहा पेपर माहेरच्या आडनावानं आहेत, नंतरचे सहा सासरच्या. स्कोपस या शोधनिबंधांच्या नोंदसंग्रहात मी दोन वेगळ्या बायका आहे. एकीचा एच-इंडेक्स ५, दुसरीचाही ५. दोघी मिळून किती धरायचे?

रोखठोक

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पहिली चाळणी प्राध्यापक करत नाहीत, रकाने बघणारी माणसं करतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीतला गुणतक्ता काढून बघा. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर १०च्या वर असेल तर पेपरला ३० गुण, ५ ते १० असेल तर २५, २ ते ५ असेल तर २०, असं खाली येत येत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्याला ५. दोनापेक्षा जास्त लेखक असतील, तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. त्या तक्त्यात सायटेशनला जागाच नाही. तुमचा पेपर कुणी वाचला, वापरला, हे तिथे कुणी विचारत नाही. त्यामुळे २१४ की ९ या विचारात झोप घालवू नका. रकान्यांत मोठ्यात मोठे खरे आकडे भरा आणि चौकोनात २१४वालाच टाका, म्हणजे वरचे आकडे आणि खालचा मजकूर एकमेकांना धरून राहतील. मी एकदा चौकोनात मनापासून लिहिलं होतं. मुलाखतीचं पत्र आलं नाही.

जुना_ग्रंथपाल

डाळिंबवाली ताई, मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो. शेवटची बारा वर्षं अध्यापकांच्या अशाच याद्या लावून देण्यात गेली. आधी आडनावाचं बघू, कारण ते दोन दिवसांत सुटतं.

दोन्ही ५ आले म्हणून तुमचा एच-इंडेक्स ५ नाही आणि १०ही नाही. हा आकडा बेरजेनं येत नाही. सगळे पेपर एका रांगेत लावायचे, जास्त सायटेशनवाला आधी, आणि खाली उतरत जायचं. जिथपर्यंत पेपराचा क्रमांक त्याच्या सायटेशनपेक्षा मोठा होत नाही, तिथपर्यंत मोजायचं. तुमच्या रांगेत नवव्या पेपरला ९ आहेत, दहाव्याला ५. म्हणजे तुमचा एच-इंडेक्स ९. २००५ साली होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं हे माप सुचवलं. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. १२ पेपर असलेल्या माणसाचा एच-इंडेक्स १२च्या पुढे जाऊच शकत नाही, आणि तो कधी खाली येत नाही. त्यामुळे थोडं लिहिणारा आणि मध्ये थांबलेला माणूस यात मागेच दिसतो. तुमचे २१४ आहेत ते उद्या दोन हजार झाले तरी एच-इंडेक्स ९च राहील.

स्कोपसवर दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करण्याची विनंती करता येते. आजच करा. ऑर्किडचा (संशोधकाची कायमची ओळख म्हणून मिळणारा) सोळा आकडी क्रमांक नसेल तर तोही काढा आणि त्यात दोन्ही नावं नोंदवा. अर्जातही यादीच्या वर एक ओळ घाला : 'क्र. १ ते ६ विवाहपूर्व नावाने प्रसिद्ध.' आपल्याकडच्या मुलींचे किती पेपर या एका कारणानं हवेत विरले, ते मी पाहिलंय. एका मॅडमना तर प्रमोशनच्या वेळी स्वतःच्याच पेपरसाठी लग्नाचा दाखला जोडावा लागला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं.

दुसरं, आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध, पूर्वप्रती (जर्नलनं तपासण्याआधीच टाकलेले लेख), पुस्तकं सगळं मोजतं, म्हणून तिथे आकडा मोठा येतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स मुख्यतः ठरावीक, निवडलेली जर्नलं मोजतात. एकाचा आकडा गूगलवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेऊन तुलना केली, की अन्याय होतोच.

'एकूण इम्पॅक्ट फॅक्टर' हा रकाना मात्र मला कधीच पटला नाही. विचारलाय म्हणून भरा, पण त्याचं वजन किती ते समजून घ्या. इम्पॅक्ट फॅक्टर हे जर्नलचं माप आहे : मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले उल्लेख भागिले त्या लेखांची संख्या. सरासरीच ती. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए नावाच्या जर्नलचा हा आकडा वर्षानुवर्षं २च्या आसपास असायचा. २००८ साली त्यात जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या संगणक-प्रणालीवरचा एक लेख आला, हजारो लोकांनी त्याचा उल्लेख केला आणि २००९चा इम्पॅक्ट फॅक्टर ४९.९२६ झाला. त्या दोन वर्षांत तिथे लिहिणारे बाकीचे लेखक काय एका रात्रीत पंचवीसपट मोठे झाले? युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, तो एका लेखावरून दुसऱ्या लेखापर्यंत पोचता यावं म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टरचा उपयोग आम्हा ग्रंथपालांना कुठली जर्नलं घ्यावीत हे ठरवायला होता. माणसं निवडायला तो आमच्या कपाटातून कधी उचलला गेला, कळलंच नाही.

आणि नुसतं मोजत बसलं की काय होतं, तेही पाहिलंय. २०१८च्या मे महिन्यात यूजीसीनं मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं एकदम काढली. त्यानंतर केअर नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठातून चालायचं. जर्नलं काढली त्या मे महिन्यातल्या आठवड्यात ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर रांग होती. पैसे भरून छापलेले पेपर हातात घेऊन माणसं विचारत होती, 'सर, आमचं आहे ना यादीत?'

चारमिनारजवळ

मी हैदराबादला असते, गेली तीस वर्षं याच क्षेत्रात, आणि निवड समित्यांवर बसले आहे. रोखठोक म्हणतात ते पहिल्या चाळणीपुरतं खरं आहे. पण मुलाखतीच्या टेबलावर जो चौकोन आम्ही वाचतो, तो हाच. म्हणून सविस्तर लिहिते.

डाळिंबवाली, तुझ्या बाबतीत जे झालं ते या शास्त्राचं जुनं वळण आहे. ऑलिव्हर लाउरी या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाचं उदाहरण घे. आपण सगळ्यांनी विद्यार्थिदशेत लाउरी पद्धतीनं प्रथिनं मोजली आहेत, निळा रंग येतो ती. पेपर १९५१चा, जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्रीमधला, चार लेखक, त्यांत दोन स्त्रिया : नीरा रोझब्रो आणि रोझ रँडल. २०१४ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकानं वेब ऑफ सायन्सच्या नोंदींवरून सर्वाधिक उल्लेखांच्या १०० पेपरांची यादी काढली, तेव्हा हा पेपर पहिला होता. उल्लेख तीन लाखांच्या वर. पण लाउरींचा जीव कशात होता? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते एकेका चेतापेशीतलं रसायन मोजत होते. एवढुशा पेशीचं वजन करायला क्वार्ट्झच्या बारीक तंतूचा काटा त्यांनी बनवला होता. आयुष्यभराचं काम ते. प्रथिनं मोजायची पद्धत म्हणजे त्या कामाच्या वाटेत लागणारं एक अवजार. आपला तो पेपर फार मोठा नाही, हे लाउरी स्वतः मोकळेपणानं कबूल करत, आणि त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाचं त्यांना मनातून कौतुकही होतं. दोन्ही भावना एकत्र असू शकतात. तुला सहा आठवड्यांच्या त्या कामाची लाज वाटायचं काहीच कारण नाही.

त्याच यादीतला दुसरा पेपर लेम्ली यांचा, १९७०चा. आज कुठल्याही प्रयोगशाळेत प्रथिनांचं जेल (आकारानुसार रेणू वेगळे करणारा चिकट थर) चालवलं की त्यांचं नाव लिहितात. पण तो पेपर उघडून वाच. तो टी-फोर नावाच्या विषाणूचं डोकं कसं जुळतं याबद्दल आहे! जेलची कृती त्यात जाता जाता आली आहे. लाखो लोकांनी उल्लेख केला, विषाणूच्या डोक्याबद्दल त्यातल्या किती जणांनी वाचलं असेल? तिसरा ब्रॅडफर्ड, १९७६, पुन्हा प्रथिनं मोजण्याची पद्धत. आणि डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३चा पेपर? तो त्या शंभरांत नाहीच. कारण सरळ आहे. पद्धत वापरली की प्रत्येक वेळी नाव लिहावं लागतं. आणि शोध खोलवर रुजला, की तो पाठ्यपुस्तकात जातो, त्यापुढे कुणी संदर्भ देत नाही.

उलट बाजू शंभुनाथ डे यांची. कोलकात्यात, तुटपुंज्या साधनांवर, त्यांनी दाखवलं की कॉलऱ्याचे जिवाणू गाळून काढलेलं नुसतं द्रावणसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी भरतं. म्हणजे रोग घडवतं ते जिवाणूनं सोडलेलं विष. १९५९ साली 'नेचर'मध्ये पेपर आला आणि पुढे बराच काळ त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. १९७८ साली कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाला त्यांना बोलावणं आलं. १९८५ साली ते गेले. त्यानंतर त्यांच्यावर लिहिणाऱ्यांत ग्रंथपालकाकांनी सांगितलेले गारफिल्डच होते, आणि १९९० साली 'करंट सायन्स'नं त्यांच्यावर विशेषांक काढला. १९६०च्या दशकात कुणी डे यांचा एच-इंडेक्स मागितला असता तर काय निघालं असतं?

म्हणून माझा सल्ला. संशोधकांना जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नये, असं २०१२च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत ठरलं आणि पुढे जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. समितीतले दोघं-तिघं तरी ते जाणत असतील. तू चौकोनात दोन्ही पेपर लिही, पण आधी एक काम कर. नऊ सायटेशन आहेत ना? ते नऊच्या नऊ पेपर उघड आणि तुझं नाव कुठल्या वाक्यात आलंय ते बघ. आणि काय सापडलं ते इथे सांग.

डाळिंबवाली

मॅडम, काल आणि आज, दोन संध्याकाळी हेच केलं. मुलगी झोपल्यावर बसले.

एक माझाच, नंतरचा पेपर. तो मी मनातून वजा केला. चार पेपरांत मी प्रस्तावनेतल्या सात-आठ नावांच्या कंसात आहे, 'असे अनेकांनी दाखवले आहे' छापाचं वाक्य. आणखी एकानं तर माझा निष्कर्ष उलटा लिहिलाय, त्या प्रथिनानं झाडाचं संरक्षण वाढतं म्हणून! तोही सायटेशनच मोजला गेला. दोन आढावा-लेख आहेत, त्यातल्या एकात माझी आकृती परवानगी घेऊन छापली आहे. मला हे आठवतही नव्हतं.

आणि नववा. लिंबाच्या खैऱ्या रोगावर काम करणाऱ्या, दुसऱ्या देशातल्या एका गटानं त्यांच्या जिवाणूतून त्याच कुळातलं जनुक काढलं. माझीच रचना, तेच नियंत्रण-प्रयोग. त्यांच्या पानातही कॅलोजचे थर उभे राहिले. चर्चेच्या भागात माझ्या पेपरवर अख्खा परिच्छेद आहे. दीड वर्षापूर्वी छापून आलाय आणि मला माहीत नव्हतं, कारण मी फक्त आकडा बघत होते, ८चा ९ झाला एवढंच. मंडळी, मी तो परिच्छेद तीन वेळा वाचला. माझं काम दुसऱ्या झाडात, दुसऱ्या हातांनी खरं ठरलंय.

चौकोनाचा मजकूर असा केलाय, बघा : 'डाळिंबावरील तेल्या रोगाचा जिवाणू झाडाचे संरक्षण कसे दाबतो, हे त्याचे एक जनुक काढून दाखवले (२०२१, प्रयोगांची आखणी, जिवाणू तयार करणे आणि सूक्ष्मदर्शक निरीक्षणे माझी). हा निष्कर्ष पुढे लिंबूवर्गीय पिकांच्या जिवाणूतही स्वतंत्रपणे पडताळला गेला. या कामासाठी टॅनिनयुक्त ऊतींतून आरएनए मिळवण्याची पद्धत मी आधी विकसित केली होती. ती आजवर २१४ शोधनिबंधांत उद्धृत झाली आहे.' मधली तीन वर्षं का रिकामी आहेत तेही एका ओळीत लिहिलंय.

रोखठोक, रकाने तुम्ही म्हणता तसेच भरले. ४०२, ९, स्कोपस, तारखेसह. राग नाही आला. ग्रंथपालकाका, एकत्र करण्याची विनंती पाठवली.

रोखठोक

हे चांगलं झालंय. पहिलं आणि दुसरं वाक्य अशाच क्रमानं राहू द्या, २१४ शेवटीच येऊ दे. मी आधी म्हटलं होतं त्यापेक्षा हे बरं.

मांजराकाठ

मी लातूरकडचा, एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतो. इथे लिहावं की नाही असा दोन दिवस विचार केला. आमच्या प्रयोगशाळेत फ्रीजच्या दारावर एक लॅमिनेट केलेला कागद आहे, 'साल व बिया, आरएनए'. सीटॅब, जास्तीचं मीठ, पीव्हीपी, मर्कॅप्टोइथेनॉल, रात्रभर लिथियम क्लोराइड. कुणीतरी पुण्याहून ट्रेनिंगला जाऊन आणला होता. त्यावर नाव नाही. आमच्या चार बॅचच्या एमएस्सीच्या मुलांनी जांभळाच्या बियांवर, आवळ्यावर, बाभळीच्या सालीवर त्याच कागदानं काम केलं. दोन छोटे पेपरही निघाले, त्यात आम्ही 'प्रचलित पद्धतीत किंचित बदल करून' एवढंच लिहिलं. तुमची पायरीन् पायरी वाचून काल तो कागद पुन्हा बघितला. तुमचाच असावा. पेपरचं शीर्षक खाजगी निरोपात कळवा. पुढचा पेपर लिहितोय, त्यात योग्य नाव जाईल आणि कागदावरही लिहितो.

एक शंका आहेच. बाभळीच्या सालीला आमचा साका अजूनही तांबूस येतो. काय चुकतंय?

डाळिंबवाली

निरोप पाठवला. आवळ्याला चाललं हे वाचून किती बरं वाटलं सांगू! मी आवळा कधी करून बघितला नव्हता.

तांबूस साक्याचं : पीव्हीपी आधी विरघळवून ठेवलेल्या बाटलीतून घेता की ऐन वेळी घालता? मर्कॅप्टोइथेनॉल तर ऐन वेळीच घालायचं, आदल्या दिवशी मिसळून ठेवलं की त्याचा जोर जातो. द्रावण ६५ अंशांवर आधीच गरम असू द्या आणि साल द्रव नायट्रोजनमध्ये कुटल्यावर वितळू न देता थेट त्यात टाका. मध्ये अर्धा मिनिट गेला तरी रंग धरतो. पहिल्या क्लोरोफॉर्मनंतर वरचा थर तांबूस दिसला, तर लिथियम क्लोराइडकडे जाऊ नका, क्लोरोफॉर्मची फेरी पुन्हा एकदा करा. आणि नमुना निम्मा घ्या. सालीच्या बाबतीत सगळ्यांचा हात सढळ असतो, माझाही होता.

करून बघा आणि जेलचा फोटो इथे टाका.